कल्हई आणि विरघळणारा धातु

मुळा-मुठेच्या कांठचें खराडी आज पुणें शहरांत मोडतें. तेथें संगणकाच्या कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. तें शेतकऱ्यांचें खेडें होतें त्या काळीं असल्या गांवांतून कल्हईवाला भाता घेऊन फिरे. पितळी पातेलें तापवून तो त्यांत नवसागर टाकी, कथील लावी आणि कापसाच्या बोळ्यानें तें क्षणांत सर्वत्र पसरवी. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक कळकतें, हें ज्ञान घरोघरच्या स्त्रियांना रसायनशास्त्रावांचूनच होतें.

शस्त्रवैद्यांपुढें धातूच्या आवरणाचा हाच प्रश्न निराळ्या रूपानें आला. मोडलेल्या हाडावर बसविलेली पोलादी पट्टी पुष्कळदां दुसऱ्या शस्त्रक्रियेनें काढावी लागते; वाढत्या वयाच्या मुलांत तर तिची अडचणच होते. हाड जुळेपर्यंत टिकून मग शरीरांत विरून जाणारा धातु मिळाला, तर हें दुसरें कापणें टळेल. मॅग्नेशियम असा धातु आहे. १८७८ सालींच एडवर्ड ह्यूज या वैद्यानें रक्तवाहिन्या बांधण्यास त्याची तार वापरली होती. १९०७ सालीं बेल्जियममधील आल्बँ लाम्बॉत यानें गुडघ्याखालील मोडीवर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनीं बसविली. आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखालीं वायु सांठला!

मॅग्नेशियम पाण्यांत झिजूं लागलें कीं हायड्रोजन निघतो. एका ग्रॅमपासून सुमारें १ लिटर. त्यांत येथें पोलादाची संगत. दोन भिन्न धातु खारट द्रवांत एकमेकांस टेकले म्हणजे विजेचा घटच तयार होतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातु झपाट्यानें खाल्ला जातो. लाम्बॉत व त्याचा शिष्य व्हर्ब्रुग्ग यांनीं पुढें ही संगत सोडून मुलांच्या मोडींवर निव्वळ मॅग्नेशियम वापरलें, तेव्हां बराच गुण आला. तरी वायूचा उपद्रव राहिलाच, आणि न गंजणारें पोलाद हातीं आल्यावर वैद्यांनीं हा मार्ग बहुतेक सोडून दिला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हां उघडला. मॅग्नेशियमवर आपोआप एक पापुद्रा धरतो. पण रक्तांतील मीठ तो फोडतें. क्लोराइडाच्या ज्या गुणानें नवसागर पितळेवरील मळ सोडवितो, तोच गुण येथें वैरी ठरतो. म्हणून धातु विशिष्ट द्रावणांत बुडवून, विजेच्या ठिणग्यांनीं त्याच्याच अंगावर चिनी मातीसारखा कठीण थर उगविण्याची युक्ति निघाली. कोणी हाडांतच असणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटचा लेप देतात. ताकाला आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे रेणु साखळीसारखे जोडूनही आवरण करतां येतें. २०१६ सालीं युरोपांत मान्यता मिळालेल्या मॅग्मारिस नांवाच्या, हृदयाच्या रोहिणींत बसविण्याच्या मॅग्नेशियमच्या जाळीवर तें आहे, आणि त्यांत औषधही भरलेलें असतें.

कल्हई जितकी टिकेल तितकी बरी. या आवरणाला मात्र हाड जुळेपर्यंतचे कांहीं महिने पहारा करून मग वाट मोकळी करून द्यावयाची असते, आणि हेंच अवघड आहे. एखादें सूक्ष्म छिद्र राहिलें तरी सारी झीज तेथेंच एकवटते व खड्डा पडतो. २०१३ सालीं युरोपांत मान्य झालेला जर्मन बनावटीचा मॅग्नेशियमचा स्क्रू तर आवरणाच्या भानगडींत न पडतां केवळ मिश्रधातूच्या बळावर उभा राहिला.

लोखंडाची तक्रार याच्या अगदीं उलट! तें शरीरांत फारच सावकाश गंजतें. म्हणून हैदराबाद व तिरुवनंतपुरम येथील संशोधकांनीं त्यांत मँगॅनीज मिसळून त्याचा गंज लवकर होईल अशी खटपट चालविली.