नागाची चाल

आमच्या गावी नागपंचमीला गारुडी येई. वेशीपाशी टोपली टेकवून तो बसला, की आम्ही पोरे ओरडत असू, “नागाचं वाजवा!” मग तो ती चाल वाजवी. ती चाल नागाइतकीच पुरातन, असा माझा बालपणीचा समज. पुढे मास्तर झालो, तिची वंशावळ शोधू लागलो आणि जाऊन पोहोचलो थेट फ्रान्सात!

तेथे व्हर्सायच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली ‘क्लॅव्हिओलिन’ नावाचे वाद्य घडविले. पट्ट्या पेटीसारख्या, पण भाता नाही. आत रेडिओत असत तशा निर्वात नळ्या. त्यांची जुळणी विजेला झटक्याने सोडी आणि झटक्याने अडवी. हे सेकंदाला ४४० वेळा घडले, की वेगळ्या खोक्यातल्या कर्ण्याचा कागदी पडदा तितक्याच वेळा थरथरे आणि सूर उमटे. झटक्यामुळे त्या सुराला धार येई, बोरूच्या नळीच्या सुराला असते तशी. एका वेळी एकच सूर निघे. पण पुंगीचा भास करायला तो पुरेसा होता.

१९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांनी नेमके हेच केले. पडद्यावर पुंगी दिसली, वाजविले मात्र कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन. जोडीला रवी यांची पेटी. लोक वेडावले. आमचे आजोबा तर शपथेवर सांगत, की ती चाल ऐकून थिएटरात साप निघाला होता! वास्तविक नागाला बाहेरचे कानच नसतात. तो डुलतो तो हलत्या पुंगीकडे पाहून. फसलो ते आपण, नाग नव्हे.

यावर मी पुष्कळ हसलो असतो. पण एकदा तोच गारुडी बाजारात भेटला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून नाग कधीच काढून घेतलेला, पुंगी तेवढी खांद्याला. मी विचारले, “बाबा, ती चाल कुणाकडून शिकलात?”

“थेटरात, मास्तर. बापाची चाल निराळी होती. ती वाजवली, की पोरं म्हणायची, ही नागाची नव्हं.”

त्या पोरांत मीही होतो.

“बापाची चाल आठवते?”

त्याने पुंगी ओठांना लावली. गाल फुगले, बोटे भोकांवर क्षणभर चाचपडली आणि सूर निघाला तो ‘नागिन’चाच. त्याने पुंगी खाली ठेवली.

“ती गेली, मास्तर,” तो म्हणाला.