वेसेक्स राज्याचा उगम

वेसेक्स : दक्षिण इंग्लंडमधील प्रारंभिक मध्ययुगीन अँग्लो-सॅक्सन राज्य. नावाचा अर्थ ‘पश्चिम सॅक्सनांचा प्रदेश’. नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात संकलित झालेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीनुसार सेर्डिक व त्याचा मुलगा किनरिक इ. स. ४९५ मध्ये पाच जहाजांनिशी दक्षिण किनाऱ्यावर उतरले आणि ५१९ मध्ये त्यांनी राज्य स्थापन केले. मात्र ५१४ खालीही पश्चिम सॅक्सनांच्या आगमनाची नोंद आहे. एकच कथा १९ वर्षांच्या अंतराने दोनदा आल्यासारखे हे दिसते. घटनांनंतर चारशे वर्षांनी लिहिलेल्या बखरीवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. शिवाय सेर्डिक हे मूळपुरुषाचे नाव जर्मानिक नसून ब्रिटनच्या मूळ केल्टिक भाषेतले आहे. त्यामुळे घराण्यात स्थानिक रक्त असावे, असा तर्क केला जातो.

इतिहासकार बीड याच्या ग्रंथानुसार (७३१) या लोकांचे जुने नाव ‘गेविस्से’ होते, तर वाइट बेट व त्यासमोरच्या किनाऱ्यावर ज्यूट लोक राहत. राज्याच्या उगमाबाबत पुरातत्त्वीय पुरावाही किनाऱ्यापेक्षा टेम्सच्या वरच्या खोऱ्याकडे बोट दाखवतो. टेम्सकाठच्या डॉर्चेस्टर येथेच धर्मप्रचारक बिरिनसने पश्चिम सॅक्सनांचा राजा किनेगिल्स याला ६३५ च्या सुमारास बाप्तिस्मा दिला व तेथे बिशपपीठ स्थापले. शेजारच्या मर्सिया राज्याच्या दबावामुळे सत्तेचे केंद्र पुढे दक्षिणेस विंचेस्टरकडे सरकले. राजा कॅडवाला (कारकीर्द ६८५–८८) याने वाइट बेट जिंकले. त्याच्यानंतरचा राजा इने याच्या कायद्यांत राज्यातील केल्टिक ब्रिटन प्रजेसाठी स्वतंत्र तरतुदी आढळतात.