जुनाट ॲसिडिटीवर ऑपरेशन : कोणासाठी आणि कधी?

‘गोळी घेतली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा जळजळ. एकदाचं ऑपरेशनच करून टाकू का?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर आधी हे वाचा.

ऑपरेशन कशाचे?
अन्ननलिका जठराला मिळते तिथे झडपेसारखा स्नायू असतो. तो सैल पडला किंवा जठराचा वरचा भाग छातीत सरकला (हायटस हर्निया), की आम्ल वर येते. गोळ्या आम्ल कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. फंडोप्लिकेशन या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. आता ती बहुधा दुर्बिणीने होते.

फायदा कोणाला?
- गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या सोसत नाहीत किंवा कायम घ्यायच्या नाहीत
- आडवे होताच अन्न-पाणी घशाशी येते
- हर्निया मोठा आहे

गोळीने काहीच फरक पडत नसेल, तर घाई करू नका. आजार वेगळाही असू शकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात गोळ्यांनी जळजळ न थांबलेल्या ३६६ रुग्णांची कसून तपासणी झाली. त्यातले फक्त ७८ जण ऑपरेशन आणि औषधे यांच्या तुलनेसाठी योग्य ठरले. त्यांच्यात मात्र ऑपरेशन औषधांपेक्षा सरस ठरले.

आधी तपासण्या
एंडोस्कोपी, २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेची हालचाल मोजणारी मॅनोमेट्री. नागपुरात मेडिकलशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकार विभाग आहे. जुने रिपोर्ट घेऊन जा. वजन खूप जास्त असेल, तर वेगळ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ऑपरेशननंतर
साधारण एक-दोन दिवसांत घरी जाता येते. काही आठवडे पातळ वरण, मऊ भात, खिचडी. घास लहान आणि चावून. सावजी रस्सा, तर्री-पोहे सध्या लांबच. सुरुवातीला गिळताना अडकणे, पोट फुगणे, ढेकर न येणे असा त्रास होऊ शकतो. काहींना पुढे पुन्हा गोळ्या लागतात. स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत १०० पैकी सुमारे १८ जणांचा त्रास परतला होता.

थांबू नका
घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखून घाम फुटला, तर ॲसिडिटी समजू नका. आधी ईसीजी काढा.