निद्रा आणि अवधान
झोपेचा बिघाड आणि लक्ष न लागणे यांचा परस्परसंबंध. झोप अपुरी पडली की मेंदूच्या पुढच्या भागाचे आवर घालण्याचे काम मंदावते. मोठा माणूस पेंगतो. मूल मात्र उलट चुळबुळ करते, मध्येच उठते, अर्धे वाक्य लिहून वही बाजूला सारते. त्याला खोडकर वा ‘ढ’ ठरवणे हा उघड अन्याय आहे. अतिचंचलतेचा विकार (एडीएचडी) असलेल्या अनेक मुलांना मुळातच लवकर झोप लागत नाही, त्यामुळे गुंता वाढतो.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, हा महाराष्ट्र शासनाचा ८ फेब्रुवारी २०२४ चा निर्णय मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच झाला.

सुरगाणा या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यात आश्रमशाळांमधली मुले घरापासून दूर, एकत्र झोपतात. तिथे आईची नजर रात्री नसते. वाढलेल्या टॉन्सिलमुळे येणारे घोरणे, लोहाच्या कमतरतेने रात्रभर वळवळणारे पाय सहज नजरेआड होतात. दोन्हींवर उपचार आहेत. वर्गात लक्ष नसलेल्या मुलाची रात्र कशी जाते, हे शिक्षकांनी आधी विचारावे.