इथिओपिया

इथिओपिया : पूर्व आफ्रिकेतील भूवेष्टित संघराज्य. जुनी नावे ॲबिसिनिया व हबसाण. क्षेत्रफळ सुमारे ११,०४,३०० चौ. किमी. लोकसंख्या ७,३७,५०,९३२ (२००७). त्यानंतरची शिरगणती पुन्हा पुन्हा लांबणीवर पडल्याने हाच शेवटचा मोजलेला आकडा आहे. आजचे अंदाज बारा कोटींच्या पुढे जातात. उत्तरेस एरिट्रिया, पूर्वेस जिबूती व सोमालिया, दक्षिणेस केनिया, पश्चिमेस दक्षिण सुदान व सुदान. जुन्या शालेय नकाशांत हा देश तांबड्या समुद्राला लागून दिसतो. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि सगळा किनारा त्याच्याकडे गेला. राजधानी अदिस अबाबा.

भूवर्णन : हा देश उंचीने समजून घ्यावा लागतो. मध्यभागी दख्खनप्रमाणेच लाव्हाचे थर साचून झालेले प्रचंड पठार आहे, मात्र ते वयाने लहान, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या खचदरीने त्याचे दोन तुकडे केले आहेत. उत्तरेकडील सिमियन पर्वतातील रास दाशेन हे सर्वोच्च शिखर. जुनी पुस्तके त्याची उंची ४,६२० मी. देतात, नवी ४,५५० मी. याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यात दनाकिल खोलगटीत दल्लोल हे ठिकाण समुद्रसपाटीच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे. तिथले वार्षिक सरासरी तापमान ३४ अंश से.च्या वर नोंदले गेले असून, माणसे राहून गेलेल्या जागांत याहून उष्ण जागा नोंदीत नाही. या खोलगटीत अफार लोक मिठाच्या लाद्या कापतात आणि उंटांवर लादून पठारावर नेतात. ‘अमोले’ नावाच्या मिठाच्या विटा विसाव्या शतकापर्यंत नाण्यासारख्या चालत.

हवामान विषुववृत्तापासूनच्या अंतरापेक्षा उंचीवर ठरते. लोक स्वतःच तीन पट्टे मानतात : सखल व उष्ण कोला, मधला वॉयना देगा, उंच व थंड देगा. पठारावरची दाट वस्ती मधल्या व वरच्या पट्ट्यात आहे. अदिस अबाबा सुमारे २,३५५ मी. उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही हजारेक मीटर वर आहे. पावसाचा मुख्य हंगाम किरेम्त, जून ते सप्टेंबर. त्याआधी फेब्रुवारी ते मे यांदरम्यान बेल्गच्या सरी पडतात. त्या चुकल्या की पूर्वेकडच्या वोल्लोसारख्या भागांत दुष्काळाची चाहूल लागते.

टाना सरोवरातून निघणारी अबाई म्हणजेच निळी नाईल खोल घळईतून मोठा वळसा घेत सुदानात उतरते. पावसाळ्यात इजिप्तला पोचणारे नाईलचे बहुतांश पाणी इथिओपियाच्या पठारावरचे असते. पठारावरच्या शेतकऱ्याला मात्र त्याचा उपयोग फारसा होत नसे. अबाईवर २०११ मध्ये सुरू झालेल्या महाधरणाचे उद्घाटन ९ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्याची क्षमता ५,१५० मेगॅवॉट आहे, कोयनेच्या अडीचपटीहून अधिक. पैसा मुख्यतः देशातच उभा केला गेला आणि सरकारी नोकरांनी पगारातून रोखे घेतले. इजिप्तचा विरोध अजून मावळलेला नाही. इतर नद्यांत आवाश वेगळी : ती समुद्राला कधीच मिळत नाही, जिबूतीच्या सीमेवरच्या खाऱ्या सरोवरांत जिरते. ओमो केनियाच्या तुर्काना सरोवराला मिळते.

वन्यजीवांत गेलाडा माकड, वालिया जातीचा रानबोकड आणि तांबूस रंगाचा इथिओपियन लांडगा हे जगात इतरत्र आढळत नाहीत.

लोक व समाजजीवन : ऐंशीहून अधिक भाषा बोलल्या जातात. २००७ च्या गणनेत ओरोमो सुमारे ३४ टक्के, अम्हारा २७, सोमाली व तिग्राई प्रत्येकी सहाच्या आसपास, सिदामा ४ टक्के होते. कोणत्याही एका समाजाची निम्मी संख्या नाही, हे राजकारण समजण्यासाठी ध्यानात ठेवावे. धर्माने ४३.५ टक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, ३३.९ टक्के मुसलमान, १८.६ टक्के प्रॉटेस्टंट. बेता इस्राएल या ज्यू समाजातील बहुतेक लोक १९८४–८५ व १९९१ च्या विमान मोहिमांतून इस्राएलला गेले. अम्हारिक ही संघराज्याच्या कारभाराची भाषा. तिच्या जोडीला ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली व अफार यांना हा दर्जा देण्यास मंत्रिमंडळाने २०२० मध्ये मान्यता दिली. लिपी गीझ भाषेपासून आलेली असून डावीकडून उजवीकडे लिहितात. प्रत्येक व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे होतात.

रोजचे अन्न इंजेरा. तेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली ही मोठी, जाळीदार, आंबोळीच्या जातीची पोळी. तिच्यावरच कालवणे वाढतात आणि एकाच ताटाभोवती बसून हाताने खातात. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस वर्षात दीडशेहून अधिक. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य, त्यामुळे शाकाहारी पाहुण्याची सोय बुधवारी व शुक्रवारी आपोआप होते. दक्षिणेकडील काही समाज तेफऐवजी केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेतच्या खोडातील पिठूळ गरावर जगतात. कॉफीचे झुडूप मूळचे नैर्ऋत्येकडील जंगलांतले. घरोघरी कच्चे दाणे पाहुण्यांसमोर भाजून, कुटून, तीन वेळा उकळून देण्याची रीत आहे.

इतिहास : अफार भागात हादार येथे १९७४ मध्ये सापडलेला ‘ल्यूसी’चा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. सलग लिखित इतिहास आक्सुमच्या राज्यापासून सुरू होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत आक्सुमचे बंदर अदुलिस आणि आपले पैठण, तेर, कल्याण यांची नावे एकाच पुस्तकात येतात. अरिआका या प्रदेशातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड अदुलिसला जात असल्याचे त्यात म्हटले आहे. अरिआका म्हणजे उत्तर कोकण व लगतचा मुलूख, असे बरेच अभ्यासक मानतात. दब्र दामो या कड्यावरच्या मठाजवळ कुशाणांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली. राजा एझानाने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे युरोपातील बहुतेक राजांच्या आधी. आक्सुमचे अखंड दगडी स्तंभ थडग्यांवरची स्मारके आहेत. सर्वांत मोठा, सुमारे ३३ मी. लांबीचा, उभारतानाच कोसळला असावा. तो आजही तुकड्यांत पडून आहे. २४ मी. उंचीचा दुसरा स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

लालिबेलाची अकरा देवळे, अर्थात चर्चे, या नोंदीत जास्त जागा मागतात. झाग्वे घराण्यातील लालिबेला राजाच्या काळाशी, बाराव्या शतकाच्या अखेरीशी व तेराव्याच्या सुरुवातीशी, ती जोडली जातात. ज्वालामुखीजन्य खडकात वरून खाली खोदत जाऊन, आधी भोवतीचा खंदक आणि मग आतल्या खांब-कमानी, असे हे काम आहे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. फरक वापराचा : कैलासात आता पर्यटक येतात, लालिबेलात रोज प्रार्थना होते आणि नाताळात, म्हणजे ७ जानेवारीला, पांढरी वस्त्रे पांघरलेले यात्रेकरू हजारोंनी येतात. क्रुसाच्या आकाराचे बेते गियोर्गिस हे सर्वांत सुबक. काही देवळांवर पावसापासून संरक्षणासाठी उभारलेली धातूची अवाढव्य छपरे मात्र डोळ्यांत खुपतात.

१२७० पासून राज्य करणाऱ्या सम्राटांनी आपला वंश सॉलोमन राजा व शीबाची राणी यांच्यापर्यंत नेला. १५२९ नंतर इमाम अहमद ‘ग्रान्य’ याने पठाराचा मोठा भाग जिंकला. त्याच्याविरुद्ध मदतीसाठी १५४१ मध्ये गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीज आरमारातून ४०० शिपाई मस्सावाला उतरले. त्यांचा नायक क्रिस्तोव्हाँ द गामा हा वास्को द गामाचा मुलगा. तो पुढच्याच वर्षी पकडला जाऊन मारला गेला. १५४३ मध्ये इमामही लढाईत पडला. मागाहून आलेल्या जेझुइटांचा तळही गोवाच होता. त्यांच्यापैकी पेद्रो पाएझने १६१८ मध्ये निळ्या नाईलचा उगम पाहिला. त्यांचा धर्मप्रसार लोकांना मानवला नाही. सम्राट फासिलिदस याने त्यांना हाकलून १६३६ मध्ये गोंदर ही राजधानी वसवली. तिथल्या वाड्यांच्या कामात हिंदी गवंड्याचा हात होता असे मानतात.

याच मुलखातून गुलाम म्हणून विकले गेलेले हबशी अरबस्तानमार्गे दख्खनला पोचले. मलिक अंबरचा (सु. १५४८–१६२६) जन्म हरारच्या परिसरातला, असे बहुतेक इतिहासकार सांगतात. अनेक हात बदलून तो अहमदनगरच्या निजामशाहीतील चंगीझखानाकडे आला, जो स्वतःही हबशीच होता. पुढे अंबरने निजामशाहीची सूत्रे हाती घेतली, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि खडकी (नंतरचे औरंगाबाद) वसवून तिथे नहरीने पाणी आणले. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. मुरूडजवळच्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले. इथिओपियात मात्र मलिक अंबरचे नाव सामान्य माणसाला आजही फारसे ठाऊक नसते.

सरदारांच्या बेबंदशाहीनंतर थेवोद्रोस दुसरा (कार. १८५५–६८) याने देश पुन्हा एकत्र आणला. व्हिक्टोरिया राणीकडून पत्राचे उत्तर आले नाही म्हणून त्याने ब्रिटिश वकिलाला कैदेत टाकले, तेव्हा त्याच्यावर स्वारी झाली ती मुंबईहून. मुंबई लष्कराचा सेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे १३,००० सैनिक व ४४ हत्ती घेऊन झुला येथे उतरला. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदालाचा किल्ला पडला आणि थेवोद्रोसने पिस्तुलाने जीव दिला. लुटीतील हस्तलिखिते व चर्चच्या वस्तू आजही लंडनच्या संग्रहांत आहेत आणि त्या परत मिळाव्यात ही मागणी चालू आहे.

मेनेलिक दुसरा याच्या सैन्याने १ मार्च १८९६ रोजी अद्वा येथे इटलीचा पराभव केला. या विजयामुळे देश वसाहत होण्यापासून वाचला. त्याचा दुसरा पैलूही नोंदवायला हवा : याच मेनेलिकने दक्षिणेकडील ओरोमो, सिदामा, काफा आदी मुलूख तलवारीने जिंकले, आणि आजच्या वांशिक तक्रारींची मुळे तिथवर जातात. हायले सेलासी १९३० मध्ये सम्राट झाला. १९३५ मध्ये इटलीने विषारी वायू वापरून स्वारी केली. १९४१ मध्ये ब्रिटिश फौजांनी देश सोडवला. त्यात केरेनच्या (आता एरिट्रियात) निर्णायक लढाईत हिंदी डिव्हिजनांतून मराठा पलटणही लढली. १९७४ मध्ये सम्राटाला पदच्युत करून ‘देर्ग’ ही लष्करी समिती सत्तेवर आली. तिचा प्रमुख मेंगिस्तू हायले मरियम याचा ‘लाल दहशती’चा काळ आणि १९८३–८५ चा दुष्काळ यांनी देशाचे नाव जगभर वाईट अर्थाने पोचवले. १९९१ मध्ये बंडखोर आघाडीने देर्गचा पाडाव केला. १९९८–२००० मध्ये एरिट्रियाशी युद्ध झाले. त्याचा अधिकृत शेवट २०१८ मध्ये करणारे पंतप्रधान अबिय अहमद यांना २०१९ चे शांततेचे नोबेल मिळाले. वर्षभरात, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिग्राईत यादवी पेटली. ती २ नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया कराराने थांबली. पारितोषिक समितीने घाई केली, हे मत त्यानंतर सर्रास ऐकू येते आणि ते चुकीचे म्हणता येत नाही.

राज्यव्यवस्था : १९९५ मध्ये अमलात आलेल्या संविधानाने संसदीय संघराज्य स्थापन केले. राष्ट्राध्यक्षपद नामधारी असून २०२४ पासून ताये अत्स्के सेलासी त्या पदावर आहेत. खरी सत्ता पंतप्रधानाकडे, म्हणजे एप्रिल २०१८ पासून अबिय अहमद यांच्याकडे आहे. लोकप्रतिनिधी सभागृहाची मुदत पाच वर्षे, जागा ५४७. दुसरे सभागृह संघराज्याचे, आणि संविधानाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार न्यायालयाऐवजी या सभागृहाला आहे. घटकराज्ये भाषिक-वांशिक आधारावर आखली आहेत. भारतातील भाषावार प्रांतरचनेपेक्षा ही मांडणी बरीच पुढे जाते : कलम ३९ प्रत्येक ‘राष्ट्र, राष्ट्रीयता व जनसमूहा’ला फुटून निघण्याचा हक्क देते. घटकराज्ये मुळात ९ होती. सिदामा (२०२०), नैर्ऋत्य (२०२१) आणि दक्षिणेच्या २०२३ मधील विभाजनानंतर ती १२ झाली. शिवाय अदिस अबाबा व दिरे दावा ही दोन सनदी शहरे. राज्याखाली विभाग, वोरेदा (तालुका) आणि केबेले (वॉर्ड किंवा गाव) अशी उतरंड असून सामान्य माणसाचा सरकारशी संबंध केबेलेपुरताच येतो. ओळखपत्रापासून शिधावाटपापर्यंतची कामे तिथेच होतात.

आर्थिक स्थिती : मुख्य व्यवसाय शेती. पिके तेफ, मका, ज्वारी, गहू, बार्ली, कॉफी. निर्यात कॉफी, सोने, तेलबिया, फुले. चलन बिर.

महत्त्वाची स्थळे : अदिस अबाबा (स्था. १८८६) येथे आफ्रिकी संघाचे मुख्यालय आहे. हरार या तटबंदीच्या शहराची जागतिक वारसा म्हणून २००६ मध्ये नोंद झाली. अरुंद गल्ल्या, अनेक मशिदी आणि संध्याकाळी तटाबाहेर तरसांना मांस भरवण्याची प्रथा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. गोंदर, आक्सुम व लालिबेला यांचे वर्णन वर आले आहे. उत्तरेकडील प्रवास सुरक्षित आहे की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. तिथली कालगणना मात्र वेगळी आहे : वर्ष ११ किंवा १२ सप्टेंबरला सुरू होते, महिने तेरा असतात आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे असतो. दिवसाचे तास पहाटेपासून मोजत असल्याने आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. भेटीची वा बसची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाची, हे आधी विचारून घ्यावे.