यंत्र थबकते तेव्हा

बुद्धिबळात घड्याळ उशिरा आले. पूर्वी खेळाडू एकेका चालीवर हवा तेवढा वेळ घेत आणि समोरचा कंटाळून जाई. १८६१ मध्ये वाळूची घड्याळे वापरून झाली, १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आले. आमच्या नंदनवनात ओट्यावर मांडलेल्या डावाला मात्र घड्याळ लागत नाही. ‘चाल ना बाप्पा’ एवढे पुरते!

संगणक खेळू लागला तेव्हा त्यालाही वेळ वाटून घ्यावा लागला. सोपा हिशेब म्हणजे उरलेल्या वेळेला उरलेल्या चालींनी भागायचे. दोन तासांत ४० चाली, म्हणजे चालीमागे तीन मिनिटे. पण हा हिशेब किराण्याचा झाला. उघड दिसणाऱ्या चालीला तीन मिनिटे कशाला? आणि डाव अडला तर तीन मिनिटे कशी पुरणार?

आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ला म्हणून दोन मर्यादा दिल्या होत्या. एक नेहमीची, दुसरी आणीबाणीची, उरलेल्या वेळेच्या सुमारे एक तृतीयांश. यंत्र आधी थोडे खोल पाहते, मग आणखी खोल. खोल गेल्यावर पहिली पसंतीची चाल एकदम फिकी ठरली, तर त्याने नेहमीची मर्यादा ओलांडायची.

१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला कास्पारोव्हविरुद्धच्या दुसऱ्या डावात नेमके हेच झाले. ३६ व्या चालीला वजीर आत घुसवून प्यादी लुटण्याचा मोह समोर होता. यंत्राचा कलही आधी तिकडेच होता. पण गुण घसरले, विचार लांबला आणि सहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊन त्याने शांतपणे प्याद्याने प्यादे मारले. कास्पारोव्हला त्यामागे माणसाचा हात असल्याचा संशय आला. मला वाटते, त्याला खटकली ती चाल नव्हे, तो संयम.

आजची इंजिने एकच चाल वारंवार उत्तम ठरली की लवकर थांबतात. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेतही विचार करू शकतात.

माणसाला मात्र हे सारे धडधडत्या छातीने सांभाळावे लागते. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जलद डावांवर आला. दुसऱ्या जलद डावात अनुभवी कोनेरू हम्पी वेळेच्या कोंडीत सापडल्या, चुका झाल्या. काळी मोहरी घेऊन जिंकली ती आमच्या नागपूरची दिव्या देशमुख. वय १९. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.