केल्सचे हस्तलिखित
इ.स. 800 च्या सुमारास तयार झालेले चार शुभवर्तमानांचे हे सचित्र लॅटिन हस्तलिखित आयर्लंडमधील केल्सच्या मठाच्या मालकीचे होते. 1007 मध्ये चोरीला गेलेला तिथला मौल्यवान ग्रंथ हाच असे मानले जाते. अडीच-तीन महिन्यांनी तो मातीखाली सापडला, तेव्हा त्याचे सोन्याचे वेष्टन ओरबाडून नेलेले होते. बाराव्या शतकात मठाच्या जमिनींचे व्यवहार याच ग्रंथातील कोऱ्या जागांवर आयरिश भाषेत उतरवले गेले. मालकीचा याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. मठ बरखास्त झाला, पुढे क्रॉमवेलच्या काळात सुरक्षिततेसाठी हस्तलिखित डब्लिनला हलवले गेले. मीथचे बिशप हेन्री जोन्स यांच्यामार्फत 1661 च्या सुमारास ते ट्रिनिटी कॉलेजकडे आले. आजही तिथेच आहे.